‘म्हणू नये’ या निषेधातील नीतिज्ञान : बहिणाबाई चौधरी यांची एक कविता

‘अमुक मनुष्य उदार आहे’ हे विधान ज्ञान देते की केवळ बोलणाऱ्याची पसंती व्यक्त करते, हा सद्गुणाधिष्ठित नीतिशास्त्रापुढील मूलभूत प्रश्न होय. ए. जे. एअर यांनी १९३६ मध्ये दुसरा पक्ष मांडला : नैतिक शब्द वस्तुस्थितीत भर घालीत नाहीत, भावना प्रकट करतात. या भावनावादाची परीक्षा घेण्यास सावदा-रावेर ते जळगाव या पट्ट्यातील लेवा गणबोलीत उत्तम सामग्री उपलब्ध आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील ‘कशाला काय म्हणू नही’ ही कविता म्हणजे नावे काढून घेण्याची एक यादीच आहे. विहिरीतून रिती येणारी मोट मोट नव्हे. देताना आखडणारा हात हात नव्हे. ॲरिस्टॉटलनेही ‘पॉलिटिक्स’मध्ये मृत हाताला केवळ नावापुरता हात मानले आहे. मोटेविषयीचे विधान कोणी भावनोद्गार म्हणणार नाही; मोट पाण्यासाठी असते हे ज्याला कळले नाही, त्याला ‘मोट’ हा शब्दच कळलेला नाही. मग हाताशी येताच ज्ञान संपून भावना सुरू होते, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

याच कवितेत वाटेवरच्या दोरीला साप म्हणण्याचा निषेध आणि पोटची मुलगी विकणाऱ्याला बाप म्हणण्याचा निषेध शेजारी शेजारी आले आहेत. रज्जू-सर्प हा वेदान्ताचा जुना दृष्टान्त. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातील अभ्यासकांना तो सुपरिचितच होता. तेथे तो भ्रमाचे स्वरूप सांगतो. निरक्षर बहिणाबाईंनी मात्र ‘बाप’ या शब्दाचा चुकीचा प्रयोग त्याच पंक्तीला बसविला. मुलगी विकणाऱ्यात बाप पाहणे हीदेखील पाहण्यातील चूक ठरते.

तथापि एक आक्षेप गंभीर आहे. मोटेचे प्रयोजन शेतकरी ठरवितो. माणसाचे कोणी ठरवावे? जिला पान्हा फुटत नाही ती माय नव्हे, असेही कविता म्हणते. येथे पान्हा मायेचे प्रतीक आहे हे खरे. पण शब्दशः घेतल्यास देहाच्या असमर्थतेवर नैतिक दोष लादला जातो. शब्दांत साठलेले निकष समाजाचे असतात, आणि समाजाचे पूर्वग्रहही त्यांतच साठतात. ‘अभागी विधवा’ या प्रयोगात वर्णन कोठे संपते आणि अन्याय कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. सद्गुणवादी लेखनात या बाजूची दखल बहुधा ओझरतीच घेतली जाते.

या पूर्वग्रहांची दुरुस्ती भाषेबाहेरूनच व्हावी लागते, असे मात्र नाही. तिशीत वैधव्य आलेल्या बहिणाबाई एका कवितेत ज्योतिष्याला दारातूनच परतवितात. दुसऱ्या एका कवितेत फुटलेल्या बांगड्यांनंतरही मनगटात ‘करतूत’ उरल्याचे सांगतात. प्रमाण भाषेत अनेकदा उपहासाने येणारा हा शब्द त्यांच्या बोलीत सामर्थ्याचा वाचक आहे.