सॅक, एसटी आणि वाटेवरची दोस्ती

शनिवारी पहिली पाळी सुटली की शिरोली एमआयडीसीतून बाहेर पडणाऱ्या गर्दीत जेवणाच्या डब्यासोबत पाठीवर सॅक अडकवलेली काही पोरंही दिसतात. आठवडा भट्टी, मोल्डिंग आणि फेटलिंगच्या धुळीत गेलेला असतो. सांगली फाट्यावर कुणी मित्राच्या मोटारसायकलीची वाट बघतं, कुणी कोल्हापूरच्या स्टँडकडे जाणारी गाडी धरतं. पुढे पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आंबोली, मालवण. लांबची सुट्टी असली तर गोकर्ण किंवा हंपी. निघताना दोघं-तिघं असतात आणि परतताना मोबाइलमध्ये दहा-बारा नवे नंबर असतात.

पाठीवर मावेल तेवढंच सामान घ्यायचं, स्वस्तात राहायचं आणि वाटेत भेटेल त्याच्याशी जमवून घ्यायचं, ही फिरस्ती परदेशी पाहुण्यांनी आणली असं अनेकांना वाटतं. कोल्हापुरात तिचं सर्वांत ठसठशीत रूप मात्र पूर्णपणे इथल्या मातीतलं आहे. ते म्हणजे दर जुलैत निघणारी पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती मोहीम.

12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. प्रति शिवाजी बनून गेलेले शिवा काशीद मारले गेले. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल सेनेने शत्रूला अडवून धरलं. ती घोडखिंड आज पावनखिंड म्हणून ओळखली जाते. त्या वाटेने जवळपास पन्नास किलोमीटर चालायला आता दरवर्षी हजारो लोक येतात. कोल्हापूरच्या हिल रायडर्ससारख्या संस्थांनी ही मोहीम वर्षानुवर्षं नेटाने चालवली आणि तिला शिस्त लावली.

पन्हाळ्यावरून उतरून म्हाळुंगे, मग मसाई पठार, मग कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्या मागे टाकत वाट पश्चिमेला सरकते. मसाई पठारावर धुकं इतकं दाट असतं की पुढच्या माणसाची रंगीत पोंचू हीच वाटेची खूण. खाली खाचरांत रोपलावण चालू असते, चिखलात पोटरीपर्यंत पाय रुततो आणि बूट ओढून काढायला शेजारच्याचा हात लागतोच. तो शेजारचा पुण्याचा आयटीवाला असेल, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार असेल, साताऱ्याची शिक्षिका असेल किंवा शिरोलीच्या कारखान्यात काम करणारा बिहारचा तरुण. ओढ्यात साखळी धरून पलीकडे जाताना कोण काय करतं, याची चौकशी कुणी करत नाही. ती रात्री होते.

रात्रीचा मुक्काम करपेवाडी, आंबर्डे परिसरातल्या वाड्यांत, कुणाच्या सोप्यात, कुणाच्या माळ्यावर, कधी शाळेच्या खोलीत. खोलीभर ओल्या कपड्यांचा वास असतो. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत ताणलेल्या दोरीवर पायमोजे टांगलेले असतात आणि त्यांतून टपकणारं पाणी कुणाच्या ना कुणाच्या मॅटवर पडतंच. मिठाच्या पुरचुंडीने पायाची जळू सोडवणारा एखादा अनुभवी गडी सगळ्यांचा डॉक्टर होतो. गरम भात आणि आमटी आली की ताट धरायला जागा नसते, मग गुडघ्यावर ताट ठेवून जेवणं होतात. ‘भावा, जरा सरक की’ या एका वाक्यावर तिथे ओळखी सुरू होतात. त्यातल्या किती तरी टिकतात. पुढच्या वर्षी तीच टोळी पुन्हा येते, आणि मधल्या काळात एकमेकांच्या लग्नालाही जाऊन आलेली असते.

जगभरच्या युथ हॉस्टेलांची गोष्टही अशाच एका शाळेत सुरू झाली. ऑगस्ट 1909 मध्ये रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले आणि एका खेड्यातल्या शाळेत गवतावर त्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा फिरस्त्यांना का देऊ नयेत, हा विचार त्यांना तिथे सुचला. 1912 मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल उभं राहिलं. भारतातही युथ हॉस्टेल्स असोसिएशनने कित्येक पिढ्यांना पहिला ट्रेक घडवला. 2013 मध्ये सुरू झालेल्या झोस्टेलसारख्या कंपन्यांनी त्याच कल्पनेला आजच्या तरुणांचं रूप दिलं. एका खोलीत सहा-आठ पलंग, सामायिक बैठकीची जागा आणि भाडं प्रत्येक पलंगामागे.

कोल्हापूरला सामायिक छपराचं मोल शिकवण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून इथे वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, म्हणून तर या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात. ती विद्यार्थ्यांसाठी होती, हे खरं. पण परगावच्या पोराला निवारा द्यायचा, ही या शहराची सवय तिथूनच मुरली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद पडली आणि परराज्यांतले ट्रकचालक इथे अडकून पडले. तेव्हा स्वतः पुराच्या तडाख्यात असलेल्या आसपासच्या गावांतल्या लोकांनी त्यांच्यापर्यंत जेवण पोचवलं.

लांबच्या वाटांचं म्हणाल, तर कोल्हापूरकरांसाठी हंपी फार सोयीची आहे. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस बेळगाव, हुबळी, गदग करत हंपीजवळच्या होसपेटला नेते. बालाजीला निघालेलं कुटुंब आणि हंपीला निघालेली पोरं एकाच डब्यात असतात. चटणी-भाकरीचं गाठोडं सुटलं की पोरांनाही वाटा मिळतो. पूर्वी बॅकपॅकर मंडळी तुंगभद्रेच्या पलीकडे विरूपापूर गड्डीत उतरत. वारसा क्षेत्रातली तिथली बेकायदा बांधकामं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये पाडण्यात आली. अनेकांची रोजीरोटी एका फटक्यात गेली.

ही घटना पन्हाळ्याने नीट ध्यानात घ्यायला हवी. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. म्हणजे घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत सॅक घेऊन फिरण्यासारखी एक सुंदर माळच तयार आहे. पन्हाळा तर नुसता किल्ला नाही, नगरपरिषद असलेलं नांदतं गाव आहे. सज्जाकोठी आणि तीन दरवाजा बघून झुणका-भाकर खायची आणि संध्याकाळी घरी परतायचं, एवढ्यावरच बहुतेकांचा पन्हाळा संपतो. तिथे एक रात्र काढली, तर पहाटेचं धुकं आणि रिकामी तटबंदी बघायला मिळते. त्यासाठी नवी काँक्रीटची बांधकामं नकोतच. आहेत त्या घरांतल्या दोन खोल्या, स्वच्छ संडास, मुलींसाठी वेगळी सुरक्षित सोय आणि परवडणारा दर एवढं पुरेसं आहे.

मुलींचा मुद्दा मुद्दाम मांडायला हवा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं आणि लाल गाडीने फिरणं त्यांना आणखी परवडू लागलं. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही चार किंवा सात दिवसांचा मिळतो. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात शिरा, सावंतवाडीला मोती तलावाकाठी थांबून लाकडी खेळणी रंगवणारे हात बघा, वेंगुर्ल्याला मुक्काम करा. नाहीतर उलट दिशेला नृसिंहवाडीचा संगम, तिथली कवठाची बर्फी आणि खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप. खर्चाची अडचण आता कमी आहे. खरी अडचण रात्री निर्धास्त झोपता येईल अशा जागेची आहे.

म्हणून वाटेवरच्या ग्रामपंचायतींना एक विनंती. सुट्टीत बंद असलेली शाळेची एखादी खोली, समाजमंदिर आणि बचतगटाच्या बायकांच्या हातचं जेवण यांची रीतसर नोंद ठेवून व्यवस्था लावा. जिल्हा परिषदेनेही त्याला परवानगीची सोपी वाट काढून द्यावी. आणि या दिवाळीच्या सुट्टीत सॅक उचलणाऱ्या वाचकांनो, नव्या सोबत्यांबरोबर जरूर जा, पण कुठे आणि कुणाबरोबर निघालात ते घरी सांगून जा. गडावर दारू आणि प्लास्टिक नेऊ नका. आणि ज्या घरी जेवाल, त्या घराला घासाघीस न करता पूर्ण पैसे द्या.