स्टोक रो : काशीनरेशांनी दिलेली विहीर

ऑक्सफर्डशरच्या दक्षिण टोकाला, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर, स्टोक रो नावाचं लहानसं गाव आहे. थेम्सकाठचं हेन्ली इथून पाचेक मैलांवर. लांबट माळ, गारगोटीच्या दगडांत बांधलेलं चर्च, विटांची घरं, आणि सगळ्या बाजूंनी बीच वृक्षांची राई. इंग्लंडच्या या भागात अशी गावं पुष्कळ आहेत. पण या गावच्या मुख्य रस्त्यालगत लोखंडी खांबांवर उभा असलेला एक घुमट आहे आणि त्याच्याखाली, रहाटावर, एक सोनेरी हत्ती. घुमटाच्या कडेवर लिहिलंय की ही विहीर भारतातल्या बनारसच्या महाराजांनी दिली.

माझी रत्नागिरीची शाळकरी मैत्रीण गेली अनेक वर्षं रेडिंगजवळ राहते. लंडनला आले होते, तेव्हा दोन दिवस तिच्याकडे राहायचं ठरलं. पॅडिंग्टनहून रेडिंगपर्यंत गाडीला अर्धा तासही लागत नाही. स्टेशनवर घ्यायला आली तेव्हाच म्हणाली, "ऑक्सफर्ड, विंडसर तू नंतर कधीही बघशील. उद्या तुला एक विहीर दाखवते." देशावरून, कोकणातून कोणीही पाहुणं आलं की ती त्यांना आधी इथे आणते.

रेडिंग सोडलं की रस्ता चढणीला लागतो आणि अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना झाडांची कुंपणं, वर दुभंगल्या शेपटीच्या तांबूस घारी. या घारी इंग्लंडमधून नाहीशा झाल्या होत्या. 1989 ते 1994 या काळात स्पेनहून पक्षी आणून याच टेकड्यांत सोडले आणि आता त्या इथे कावळ्यांइतक्या सहज दिसतात. राईतल्या बीचच्या लाकडाचे खुर्च्यांचे पाय कातून हाय विकमच्या कारखान्यांना पुरवणं हा इथल्या गरीब कुटुंबांचा जुना धंदा होता.

एवढ्या हिरव्यागार मुलखात पाण्याचं दुर्भिक्ष कसं, हा प्रश्न मला पडला नाही. आम्ही दोघी सड्यावरच्या वाड्यांमध्ये वाढलो. पावसाळ्यात छपरं वाजत राहायची, आणि एप्रिलात त्याच जांभ्याच्या सड्यावरून हंडे घेऊन खाली उतरावं लागायचं. जांभा पाणी धरतच नाही. चिल्टर्नचा खडकही तसाच, फक्त पांढरा. हा खडूचा सच्छिद्र चुनखडक पडेल तो पाऊस खोल झिरपवतो. माथ्यावर ना ओढा, ना झरा. खडकावर जिथे चिकणमातीचा थर आहे तिथल्या डबक्यांत आणि माती काढून झालेल्या खड्ड्यांत जे साठेल, तेच पाणी. उन्हाळा कोरडा गेला की तेही आटायचं, आणि धुण्याचं पाणी एका घरातून दुसऱ्या घरात वापरायला द्यायचे.

शेजारच्या इप्सडेन गावच्या जमीनदार घराण्यातला एडवर्ड अँडरडन रीड (1807–1886) हे पाहत मोठा झाला. कादंबरीकार चार्ल्स रीड हा त्याचा भाऊ. एडवर्ड कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, गंगेच्या खोऱ्यात अनेक वर्षं राहिला आणि 1831 मध्ये आझमगढकडे त्याने लोकांसाठी एक विहीर खोदवली. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह जमला. रामनगरच्या किल्ल्यात राहणारा, विद्वानांना आश्रय देणारा, तिथल्या रामलीलेला आजचं भव्य रूप देण्यात मोठा वाटा असलेला हा राजा. त्याला रीडने आपल्या गावाकडच्या पाण्याची हकिकत सांगितली होती. घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून आईने मुलाला मारलं, असा एक प्रसंगही त्यात होता.

रीड 1860 मध्ये मायदेशी परतला. पुढे महाराजांच्या मनात इंग्लंडमध्ये काही धर्मादाय करावं असं आलं, तेव्हा त्यांना ती हकिकत आठवली. मला या सगळ्या कथेत हेच सर्वांत मोलाचं वाटतं. जे गाव कधी पाहिलं नाही, पाहण्याची शक्यताही नाही, त्या गावातल्या एका पोराची तहान वर्षानुवर्षं लक्षात ठेवायची, ही साधी गोष्ट नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1857 च्या उठावात काशीनरेश इंग्रजांच्या बाजूला राहिले होते, आणि हे दान राणीच्या राज्याशी असलेली निष्ठा दाखवणारंही होतं. 1860–61 मध्ये गंगा-यमुनेच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं दगावली. त्यानंतर लगेचच हा पैसा सातासमुद्रापार गेला. विहिरीच्या कठड्याशी उभं राहिल्यावर मला तेही आठवलं, आणि आठवायलाच हवं असं वाटतं. पण म्हणून इथल्या बायकांच्या डोक्यावरचा भार हलका झाला हे खोटं ठरत नाही.

खोदाई 10 मार्च 1863 रोजी सुरू झाली. काम वॉलिंगफर्डच्या वाइल्डर या कारागिरांकडे होतं. विहिरीचा व्यास फक्त 4 फूट आणि खोली 368 फूट, म्हणजे जवळपास 112 मीटर. कुतुबमिनाराच्या उंचीच्या दीडपट. आणि हे सगळं हातांनी खोदलेलं. चार फुटांत कुदळ चालवायला जेमतेम एका माणसाला जागा. वरचा उजेड नाण्याएवढा होत गेलेला, माती दोराने वर जातेय, आणि डोक्यावर शेकडो फुटांचा खडक. त्या खोदणाऱ्या मजुरांची नावं घुमटावर नाहीत. खर्च झाला 353 पौंड 13 शिलिंग 7 पेन्स. रहाटाच्या यंत्राचे पैसे वेगळे. 24 मे 1864 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर लोकांसाठी खुली झाली. पाण्याला दाम नव्हता. बादली वर यायला दहाएक मिनिटं लागत.

नुसती विहीर खोदून थांबले नाहीत, हे मला फार आवडलं. देखभालीसाठी शेजारी जमीन घेऊन चेरीची बाग लावली आणि फळांच्या विक्रीतून विहिरीचा खर्च भागावा अशी सोय केली. बागेचं नाव महाराजांवरून 'ईश्री बाग'. काशीच्या राजचिन्हात मासा आहे, म्हणून बागेत माशाच्या आकाराचं तळं खोदलं. राखणदारासाठी अष्टकोनी बैठं घर बांधलं. ते आजही उभं आहे. आपल्याकडे पाणीयोजनेचं उद्घाटन होतं आणि पंप बिघडला की दुरुस्तीला पैसे नसतात. अशा गावांत वाढलेल्या आम्हा दोघींना त्या बागेचं महत्त्व कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "चेरीची झाडं लावायची बुद्धी ज्याला झाली ना," मैत्रीण म्हणाली, "त्याने घरात पाणी संपलेलं पाहिलेलं असणार."

सत्तरहून अधिक वर्षं गावाने हे पाणी वापरलं. मग नळ आले आणि रहाट थांबला. 1964 मध्ये शताब्दीला प्रिन्स फिलिप आले, आणि काशीहून आणलेलं गंगेचं पाणी या विहिरीच्या पाण्यात मिसळलं गेलं. आज विहिरीचं तोंड झाकलेलं आहे. रहाट आणि हत्ती रंगवून नीट राखलेत, देखरेख एक विश्वस्त निधी करतो. पाहायला तिकीट नाही. चेरीच्या बागेत बाकं आहेत. आम्ही तिथे बसून तिने आणलेल्या दडपे पोह्यांचा डबा संपवला आणि संध्याकाळपर्यंत गावाकडच्या माणसांची चौकशी करत राहिलो.

इथे येणाऱ्याने हातात अर्धा दिवस ठेवावा. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत राईत निळ्या ब्लूबेलचा गालिचा असतो, तेव्हा आलं तर उत्तम. पायवाटांनी इप्सडेनपर्यंत चालत जाता येतं. तिथेही राजा सर देवनारायण सिंह यांनी दिलेली विहीर आहे, स्टोक रोच्या पाठोपाठची. आणि मुंबईकरांनी लंडनला परतल्यावर रीजंट्स पार्कच्या ब्रॉड वॉकवर जरूर जावं. तिथली संगमरवरी आणि ग्रॅनाइटची पाणपोई सर कावसजी जहांगीर रेडीमनी या आपल्या मुंबईच्या पारशी दानशूराने 1869 मध्ये दिली आहे.