क्रीडावाहिन्यांचे वहनविवाद
क्रीडावाहिन्यांचे वहनविवाद : खेळांचे सामने दाखविणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्या आणि केबल, उपग्रह किंवा इंटरनेट यांच्याद्वारा त्या घरोघर पोहोचविणारे सशुल्क वितरक यांच्यात मोबदला व अटी यांवरून उद्भवणारे व्यापारी वाद. वितरकाने विशिष्ट वाहिनी आपल्या वर्गणीदारांपर्यंत कोणत्या दराने, कोणत्या संचात व किती काळ पोहोचवावी, हे ठरविणाऱ्या कराराला वहनकरार असे म्हणतात. हा करार मुदतीत नव्याने झाला नाही, तर वाहिनीचे प्रक्षेपण त्या वितरकाच्या जाळ्यावर थांबते आणि वाटाघाटींत कोणताही भाग नसलेल्या प्रेक्षकाला सामन्यास मुकावे लागते. अ. सं. सं. मध्ये असे विवाद सर्वाधिक प्रमाणात झाले असून भारतातही त्यांचा अनुभव आला आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेत १९४८ च्या सुमारास डोंगराळ भागांतील गावांत उंच जागी सामाईक आकाशक (अँटेना) उभारून तारेने घरोघर दूरचित्रवाणी पुरविण्यास सुरुवात झाली. या व्यवस्थेत प्रेक्षकाची वर्गणी केवळ जोडणीसाठी असे. ८ नोव्हेंबर १९७२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्क्स-बॅरी येथे एचबीओ ही सशुल्क वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या कार्यक्रमांत न्यूयॉर्क येथील बर्फावरील हॉकीचा एक सामना होता. केवळ खेळांना वाहिलेली इएसपीएन ही वाहिनी कनेक्टिकट राज्यातील ब्रिस्टल येथून ७ सप्टेंबर १९७९ रोजी सुरू झाली. आरंभी केबलचालकांनी आपले प्रक्षेपण घ्यावे म्हणून ती वाहिनीच त्यांना पैसे देत असे. १९८० नंतरच्या दशकात हा व्यवहार उलटला. वाहिनी दर वर्गणीदारामागे दरमहा शुल्क आकारू लागली. १९८७ मध्ये तिला नॅशनल फुटबॉल लीग या अमेरिकन फुटबॉल संघटनेच्या काही सामन्यांचे हक्क मिळाल्यावर हे शुल्क आणखी वाढले. जाहिराती व वर्गणी असे दुहेरी उत्पन्न मिळू लागल्याने क्रीडावाहिन्या सामन्यांच्या हक्कांसाठी चढी बोली लावू शकल्या. हक्क महागल्याने शुल्क वाढवावे लागले आणि शुल्काची वाढ वितरकांनी अखेर वर्गणीत मिळविली. बहुतेक वहनविवादांचे मूळ या साखळीत आहे.

१९९२ च्या केबल दूरचित्रवाणीविषयक कायद्याने स्थानिक प्रक्षेपण केंद्रांनाही आपले प्रक्षेपण केबलवर दाखविण्यास संमती देण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकार दिला. रोख रक्कम देण्यास केबल कंपन्या तयार नसल्याने काही प्रक्षेपणसंस्थांनी संमतीच्या बदल्यात आपल्या नव्या वाहिन्यांना जागा मागितली. इएसपीएन-२ ही ऑक्टोबर १९९३ मध्ये सुरू झालेली वाहिनी अशाच व्यवहारातून देशभर पोहोचली. तेव्हापासून एकाच मालकाच्या अनेक वाहिन्यांचा सौदा एकत्र करण्याची पद्धत रूढ झाली.

विवादाची कारणे : वादाचे मुद्दे मुख्यतः तीन असतात : दर, संच आणि किमान ग्राहकसंख्येची हमी. यांपैकी संचाचा मुद्दा वरवर गौण वाटला, तरी बहुधा तोच निर्णायक ठरतो. सर्व वर्गणीदारांना मिळणाऱ्या वाहिन्यांच्या समूहाला मूलसंच म्हणता येईल. जादा पैसे देणाऱ्यांनाच मिळणारा तो स्वतंत्र क्रीडासंच. समजा, एका वितरकाचे एक कोटी वर्गणीदार आहेत आणि वाहिनी दरमहा ४ डॉलर मागते. ती मूलसंचात असल्यास तिला दरमहा ४ कोटी डॉलर मिळतील. तीच वाहिनी स्वतंत्र संचात टाकली व दहांपैकी एकानेच ती घेतली, तर तेवढ्याच उत्पन्नासाठी प्रत्येकाकडून ४० डॉलर घ्यावे लागतील आणि या दराने घेणाऱ्यांची संख्याही घटेल. त्यामुळे वाहिनी मूलसंचाचा आग्रह धरते. खेळ न पाहणाऱ्या नऊ कुटुंबांवर हा भार का टाकावा, असा वितरकाचा प्रतिप्रश्न असतो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य असल्याने केवळ तत्त्वाच्या आधारे हा वाद मिटत नाही. तो बलाबलावर मिटतो.

इतर कार्यक्रमांच्या वाहिन्यांपेक्षा क्रीडावाहिन्यांचे वाद तीव्र होतात, कारण सामना त्याच क्षणी पाहण्यात त्याचे मोल असते. चित्रपट आठवड्यानंतर पाहिला तरी चालतो. निकाल कळलेल्या सामन्याला मात्र तेवढा प्रेक्षक राहत नाही. तसेच एका संघाच्या सामन्यांना दुसऱ्या संघाचे सामने पर्याय होऊ शकत नाहीत. यामुळे कराराची मुदत पुष्कळदा हंगामाच्या तोंडावर संपेल अशी योजना केलेली आढळते. प्रक्षेपण थांबले की, वाहिनीचे शुल्क व जाहिरातींचे उत्पन्न बुडते, तर वितरकाचे ग्राहक प्रतिस्पर्ध्याकडे वळू लागतात. ज्याला हा तोटा अधिक काळ सोसता येतो, त्याचे पारडे जड ठरते. दोन्ही पक्ष या काळात जाहिरातींद्वारा दोषाचे खापर एकमेकांवर फोडतात आणि प्रेक्षकांनी दुसऱ्या पक्षाकडे तक्रार करावी असे आवाहन करतात.

प्रमुख विवाद : न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचे सामने दाखविणारी यस नेटवर्क ही वाहिनी मार्च २००२ मध्ये सुरू झाली. तिने दर वर्गणीदारामागे दरमहा सु. २ डॉलर व मूलसंचातील स्थान मागितले. न्यूयॉर्क परिसरातील केबलव्हिजन कंपनीने ही वाहिनी इच्छुकांनाच वेगळ्या शुल्काने देण्याचा आग्रह धरला. परिणामी सु. ३० लाख घरांत २००२ च्या संपूर्ण हंगामात या वाहिनीवरील सामने दिसले नाहीत. मार्च २००३ मध्ये तात्पुरता समझोता झाला व पुढील वर्षी लवादाद्वारे वादाचा निकाल लागला.

नॅशनल फुटबॉल लीगने २००३ मध्ये स्वतःची वाहिनी काढली व २००६ पासून तिच्यावर काही सामने थेट दाखविण्यास प्रारंभ केला. कॉमकास्ट कंपनीने ही वाहिनी स्वतंत्र क्रीडासंचात ठेवल्याने निर्माण झालेला वाद मे २००९ पर्यंत चालला; टाइम वॉर्नर केबल कंपनीने तर ती २०१२ मध्येच स्वीकारली. २९ डिसेंबर २००७ रोजी न्यू इंग्लंड पेट्रिअट्स संघ साखळीतील सर्व सोळा सामने जिंकण्याच्या बेतात असताना त्याचा अखेरचा सामना केवळ याच वाहिनीवर दिसणार होता. लोकप्रतिनिधींच्या दडपणानंतर तो सीबीएस व एनबीसी या सर्वांना उपलब्ध असलेल्या वाहिन्यांवरही दाखविण्यात आला. ऑक्टोबर २०१० मध्ये फॉक्स व केबलव्हिजन यांच्यातील पंधरवड्याच्या वादात सु. ३० लाख घरे बेसबॉलच्या जागतिक मालिकेतील पहिल्या दोन सामन्यांना मुकली.

सर्वांत दीर्घ वादांपैकी एक लॉस अँजेल्स येथे झाला. डॉजर्स या बेसबॉल संघाशी टाइम वॉर्नर केबल कंपनीने २०१३ मध्ये २५ वर्षांचा करार केला. त्याचे मूल्य सु. ८३५ कोटी डॉलर असल्याचे वृत्त होते. हा खर्च भरून काढण्यासाठी फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्पोर्ट्सनेट एलए या वाहिनीचे शुल्क दरमहा ४ डॉलरांहून अधिक ठेवण्यात आले. डायरेक्टटीव्हीसह बहुतेक वितरकांनी ते नाकारल्याने परिसरातील निम्म्याहून अधिक घरांना आपल्याच शहरातील संघाचे सामने दिसेनासे झाले. १९५० पासून या संघाच्या सामन्यांचे समालोचन करणारे व्हिन स्कली २०१६ च्या हंगामाअखेर निवृत्त झाले. त्यांची अखेरची तीन वर्षे या वादाच्या छायेत गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने डायरेक्टटीव्हीविरुद्ध दावा दाखल केला. वाटाघाटींसंबंधीची गोपनीय माहिती या कंपनीने प्रतिस्पर्धी वितरकांशी वाटून घेतल्याचा आरोप त्यात होता. मार्च २०१७ मध्ये हा दावा तडजोडीने मिटला. वाहिनी डायरेक्टटीव्हीवर दिसण्यास मात्र १ एप्रिल २०२० हा दिवस उजाडावा लागला आणि तेव्हा साथीच्या रोगामुळे सामनेच बंद होते.

सर्वच वाहिन्या अशा संघर्षांतून तरल्या नाहीत. ह्यूस्टन येथे ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रादेशिक क्रीडावाहिनीला पुरेसे वितरक न मिळाल्याने वर्षभरातच तिचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेले. पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या पॅक-१२ या संघटनेची २०१२ मध्ये निघालेली वाहिनी डायरेक्टटीव्हीपर्यंत कधीच पोहोचली नाही व २०२४ मध्ये ती बंद पडली.

शासकीय नियंत्रण : अमेरिकेत वहनकरार हा मूलतः खाजगी व्यवहार मानला जातो. संघीय संदेशवहन आयोग वाटाघाटी सद्‌भावनेने व्हाव्यात असे बंधन घालतो. तथापि दर ठरवून देत नाही. वितरकाने स्वतःच्या मालकीच्या वाहिनीला झुकते माप देऊन इतरांना डावलू नये, असाही नियम आहे. त्याच्या आधारे टेनिस चॅनल या वाहिनीने कॉमकास्टविरुद्ध तक्रार केली. २०१२ मध्ये आयोगाने वाहिनीच्या बाजूने निर्णय दिला. परंतु व्यापक वहनामुळे कॉमकास्टचा काही लाभ झाला असता, असा पुरावा नसल्याचे सांगून अपील न्यायालयाने मे २०१३ मध्ये तो रद्द केला. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने २०१० मध्ये स्काय कंपनीच्या दोन प्रमुख क्रीडावाहिन्या प्रतिस्पर्धी वितरकांना ठरावीक घाऊक दराने देण्याचे बंधन घातले होते. २०१५ मध्ये ते उठविण्यात आले.

भारतातील स्थिती : भारतात १९९० नंतर केबल दूरचित्रवाणीचा प्रसार झाला. १९९३ च्या हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून निर्माण झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर क्रिकेटचे हक्क मोठ्या प्रमाणावर खाजगी वाहिन्यांकडे गेले. येथे वाहिनी व प्रेक्षक यांच्यामध्ये बहुप्रणाली चालक आणि स्थानिक केबलचालक असे दोन मध्यस्थ असत. केबलचालक किती जोडण्या असल्याचे सांगतो व प्रत्यक्षात त्या किती आहेत, यांतील तफावत हे वादाचे नित्याचे कारण होते. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबई व दिल्ली येथे अंकीय प्रणाली सक्तीची झाली व तिच्या प्रसाराबरोबर ग्राहकांची मोजणी अधिक विश्वसनीय झाली.

२००४ मध्ये प्रक्षेपणक्षेत्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत आले. त्याच वर्षी प्राधिकरणाने वाहिन्यांनी आपले संकेत सर्व वितरकांना भेदभाव न करता पुरवावेत व पूर्वसूचनेशिवाय ते तोडू नयेत, असे विनियम केले. अशा तंट्यांची सुनावणी दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणापुढे होते. अमेरिकेहून ही पद्धत या बाबतीत मूलतः वेगळी आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे संकेत जाहिरातींविना प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर बंधनकारक केले आणि दूरचित्रवाणीच्या बाबतीत जाहिरात-उत्पन्नाची वाटणी हक्कधारकास किमान ७५ व प्रसार भारतीस २५ या प्रमाणात ठरविली. तथापि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे संकेत केवळ दूरदर्शनच्या स्वतःच्या भूस्थित प्रक्षेपणासाठी व तिच्या थेट-घरपोच सेवेसाठी वापरता येतील, खाजगी केबलवर नव्हे, असा निर्वाळा दिला. त्यामुळे केबलच्या प्रेक्षकाला सामन्यासाठी सशुल्क वाहिनीवरच अवलंबून राहावे लागते.

नियमन असूनही खंड पडतोच. संचात समाविष्ट होऊ शकणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत नोव्हेंबर २०२२ मध्ये १९ रु. ठरल्यावर प्रमुख वाहिनीसमूहांनी नवे दर जाहीर केले. ते मान्य नसलेल्या केबल कंपन्यांचे संकेत तीन मोठ्या समूहांनी १८ फेब्रुवारी २०२३ च्या सुमारास बंद केले. केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सु. साडेचार कोटी घरांवर याचा परिणाम झाला. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी सामना त्या वेळी दिल्लीत चालू होता. आठवड्याभरात करार होऊन प्रक्षेपण पूर्ववत झाले.

अलीकडील परिवर्तन : अमेरिकेत सशुल्क दूरचित्रवाणी घेणारी कुटुंबे एके काळी सु. १० कोटी होती. इंटरनेटवरील सेवांमुळे ही संख्या २०१५ नंतर झपाट्याने घटली व मूलसंचावर उभारलेले अर्थकारण डळमळीत झाले. अनेक संघांचे प्रादेशिक हक्क असलेल्या डायमंड स्पोर्ट्स समूहाने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी डिझ्नी कंपनीच्या इएसपीएनसह सर्व वाहिन्या चार्टर या केबल कंपनीच्या सु. दीड कोटी ग्राहकांसाठी बंद झाल्या. त्या वेळी अमेरिकन खुली टेनिस स्पर्धा चालू होती. इएसपीएनचे घाऊक शुल्क तेव्हा दरमहा ९ डॉलरांहून अधिक असल्याचा अंदाज होता. ११ सप्टेंबर रोजी झालेल्या समझोत्यात काही लहान वाहिन्या वगळण्यात आल्या व डिझ्नीची इंटरनेट सेवा काही संचांत समाविष्ट झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये डायरेक्टटीव्हीशी आणि ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२५ मध्ये यूट्यूब टीव्हीशी डिझ्नीचे असेच वाद झाले. प्रत्येक वेळी सु. दोन आठवडे प्रक्षेपण बंद होते. यूट्यूब टीव्ही ही इंटरनेटवरून चालणारी सेवा असल्याने वितरणाचे तंत्र बदलले, तरी वादाचे स्वरूप बदलत नाही, हे स्पष्ट झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये इएसपीएनने आपल्या वाहिन्या वितरकाविना थेट प्रेक्षकाला दरमहा २९.९९ डॉलर दराने देण्यास सुरुवात केली. पूर्वीच्या घाऊक शुल्काशी हा दर ताडून पाहिल्यास खेळ न पाहणाऱ्यांचा वाटा किती मोठा होता, याची कल्पना येते. थेट विक्रीमुळे प्रेक्षकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळते, परंतु खेळाच्या चाहत्यावरील खर्चाचा भार वाढतो. मूलसंचाच्या पद्धतीत हा भार सर्वांवर थोडा थोडा पडतो, परंतु निवड राहत नाही. या दोहोंपैकी कोणत्याही व्यवस्थेत वाटाघाटी फिसकटल्यास त्या काळापुरती सेवा चालू ठेवावी, वा निदान बंद वाहिनीची वर्गणी ग्राहकास आपोआप परत मिळावी, अशा सूचना वेळोवेळी पुढे आल्या आहेत. प्रेक्षक हा करारातील पक्ष नसला, तरी दोन्ही पक्षांचे उत्पन्न अंतिमतः त्याच्याकडूनच येते; म्हणून त्याच्या हितरक्षणाचा प्रश्न या विवादांत महत्त्वाचा ठरतो. [→ दूरचित्रवाणी]