शस्त्र न उचलता मिळालेले महावीर चक्र

महावीर चक्र हे युद्धातील शौर्यासाठी दिले जाणारे भारताचे दुसऱ्या क्रमांकाचे पदक. त्याच्या वर परमवीर चक्र, खाली वीर चक्र. ही तिन्ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी स्थापन झाली. ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरल्यामुळे काश्मीरच्या लढाईत पराक्रम गाजवलेल्यांनाही ती देता आली.

पदक गोल आणि चांदीचे आहे. दर्शनी बाजूस पाच टोकांचा तारा असून त्याची टोके पदकाच्या कडेला भिडतात. मधल्या फुगीर भागावर सोन्याचा मुलामा दिलेली राजमुद्रा आहे. मागच्या बाजूस पदकाचे नाव हिंदी आणि इंग्रजीत कोरलेले असते आणि त्या दोहोंमध्ये कमळाची दोन फुले असतात. फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. तीच व्यक्ती पुन्हा या सन्मानास पात्र ठरली तर नवे पदक न देता फितीवर ‘बार’, म्हणजे एक आडवी पट्टी चढवतात. लष्करप्रमुख झालेले जनरल अरुणकुमार वैद्य यांना १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत हे चक्र मिळाले होते.

पदकासाठीची मुख्य अट एकच आहे: शौर्य शत्रूसमोर दाखवलेले असले पाहिजे, मग ते जमिनीवर असो, समुद्रात असो की आकाशात. हातात शस्त्र असलेच पाहिजे असे नियमात कुठेही म्हटलेले नाही. सैन्यदलांच्या परिचारिका आणि इस्पितळांशी संबंधित सेवांमधील कर्मचारी यांचा पात्र व्यक्तींमध्ये स्पष्ट उल्लेख आहे. लष्करी डॉक्टर मुळात लढवय्या नसतो. जिनिव्हा करारांनुसार त्याला स्वतःच्या आणि रुग्णांच्या बचावापुरतेच हत्यार बाळगता येते, आणि शत्रूचा जखमी सैनिक समोर आला तर त्याच्यावरही उपचार करावे लागतात. अशा माणसाच्या धैर्याचे मोल रणांगणावरच्या पराक्रमाच्या बरोबरीने करणे ही या नियमांतली मोठी गोष्ट आहे. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांचे महावीर चक्र हे त्याचे ठळक उदाहरण.

हे चक्र ज्या युद्धासाठी मिळाले त्यात भारत लढतच नव्हता. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर हल्ला केला आणि संयुक्त राष्ट्रांनी सदस्य देशांकडे मदत मागितली. पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने लढाऊ सैन्य पाठवायला नकार दिला, पण वैद्यकीय पथक पाठवायचे मान्य केले. त्यासाठी ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सची निवड झाली. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे आघाडीच्या मागे राहून जखमींवर उपचार करणारी आणि त्यांना पुढच्या इस्पितळात जाण्याजोगे करणारी आख्खी तुकडी; ही तुकडी तर विमानातून छत्रीने उतरून काम करण्यात तरबेज होती. तिचे प्रमुख रंगराज होते. १९४१ मध्ये हवालदार मेजर मथुरा सिंग यांच्यासोबत त्यांनी मारलेली उडी ही भारतीय सैनिकांची पहिली पॅराशूट उडी मानली जाते.

पथक नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात पोचले, तोच चिनी सैन्याने मोठा हल्ला चढवला आणि संयुक्त राष्ट्रांच्या फौजांना माघार घ्यावी लागली. प्याँगयांग रिकामे करण्याचा हुकूम सुटला. सामान न्यायला गाड्या नव्हत्या. औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे, सगळे टाकून निघायची पाळी आली. सामान गेले असते तर माणसे सुखरूप राहूनही पथक निकामी झाले असते, हे रंगराज ओळखून होते. त्यांच्या माणसांनी वाफेचे एक बेवारस इंजिन आणि काही डबे हुडकून काढले. हातोहात बादल्या देत बॉयलरमध्ये पाणी भरले, इंजिनाची माहिती असलेल्या जवानांनी ते चालू केले आणि पथक सामानासकट दक्षिणेकडे निघाले. कोरियातील त्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जाई. गोळी लागलेल्यांच्या जोडीला हिमदंशाने हातपाय काळेनिळे पडलेले सैनिकही रोज समोर येत.

पुढे पथकाचे दोन भाग झाले. रंगराज यांचा गट आघाडीवर राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर राहिला. मेजर एन. बी. बॅनर्जी यांचा गट देगू शहरातील इस्पितळात दक्षिण कोरियाचे सैनिक आणि नागरिक यांच्यावर उपचार करू लागला. या दुसऱ्या कामाचा गाजावाजा कमी झाला, पण युद्धात होरपळलेल्या सामान्य कोरियन माणसाला भारताची ओळख झाली ती बरीचशी इथेच.

२३ मार्च १९५१ रोजी सोलच्या उत्तरेस मुनसान येथे अमेरिकेच्या १८७ व्या हवाई पथकाचे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक छत्रीने उतरवण्यात आले. ‘ऑपरेशन टॉमहॉक’ हे त्या मोहिमेचे नाव. रंगराज यांच्यासह बारा भारतीयांनीही त्यांच्याबरोबर उड्या घेतल्या. अशा मोहिमेत सैनिक शत्रूच्या मुलखात उतरतो आणि जमिनीवरून कुमक येईपर्यंत जखमींना मागे नेण्याची वाट बंद असते. रक्तस्राव थांबवणे, जखमीला धक्क्यातून सावरणे, आधी कोणावर शस्त्रक्रिया करायची ते ठरवणे, सगळे तिथेच, जवळच्या सामानावर आणि गोळीबार चालू असताना करावे लागते. ज्यांच्यासाठी ही माणसे उतरली ते त्यांच्या देशाचेही नव्हते. ‘शत्रूसमोरचे शौर्य’ या शब्दांत बसणारी याहून लख्ख कामगिरी सापडणे अवघड आहे.

कोरियातील सेवेबद्दल रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. पथकाच्या वाट्याला एकूण दोन महावीर चक्रे आणि सहा वीर चक्रे आली. एका वैद्यकीय तुकडीसाठी ही विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे. तिने तपासलेल्या रुग्णांची संख्या दोन लाखांच्या आसपास सांगितली जाते.

जुलै १९५३ मध्ये युद्धविराम झाला. युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी भारताने कोरियात आपले सैनिक पाठवले. त्यांचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या दलाच्या सेवेतही राहिली आणि १९५४ च्या सुरुवातीला मायदेशी परतली. रंगराज यांनी नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत अफगाणिस्तानात काम केले. त्यांची तुकडी आज ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल या नावाने आग्र्याला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा इस्केंदेरुन येथे भारताचे इस्पितळ उभारायला हीच तुकडी गेली होती.