चपलांचे दुकान आणि संकेतस्थळ

बेळगाव जिल्ह्यातील अथणी, निपाणी या भागांत हाताने चपला करणाऱ्या कारागिरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. जग या चपलांना ‘कोल्हापुरी’ म्हणून ओळखते. परंतु या नावास जे भौगोलिक मानांकन लाभले आहे, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे चार जिल्हेही समाविष्ट आहेत. अशाच एका कारागिराचा मुलगा आमच्या वर्गात आहे. त्याच्या घरचे बंद पडलेले संकेतस्थळ पुन्हा उभे करण्यात आम्ही काही मित्र गेल्या सुट्टीत गुंतलो होतो. त्या निमित्ताने जे ध्यानी आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संकेतस्थळास तीन गोष्टी लागतात: एक नाव, ते जेथे ठेवावयाचे ती संगणकावरील जागा, आणि प्रत्यक्ष पाने. यांपैकी पाने सर्वांस दिसतात म्हणून त्यांचीच चर्चा फार होते. घात मात्र बहुधा नावाने होतो. हे नाव विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीने भाड्याने मिळते. मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीचे असतात. पुढे जादा शुल्क भरून ते सोडवावे लागते. तेही न केल्यास ते कोणासही घेता येते. आमच्या मित्राच्या घरी हेच घडले. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या गृहस्थाने नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदविले होते. मुदतीच्या सूचना त्याच्या पत्त्यावर गेल्या आणि तो तर गाव सोडून गेला होता. दिवाळीस आठ दिवस उरले असता संकेतस्थळ नाहीसे झाले. त्या सणात बाहेरगावची एकही मागणी आली नाही, आणि करून ठेवलेला माल व्यापाऱ्यास पडेल त्या भावाने द्यावा लागला. नवे नाव आता वडिलांच्या खात्यावर आहे व त्याची मुदत घरातील दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने लिहिलेली आहे. २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटाचे देवनागरी नावही मिळू लागले आहे. ते आम्हांस फार आवडले. तथापि दूरचे ग्राहक रोमन अक्षरेच टंकतात, म्हणून तूर्त तो मोह आवरला.

आता पानांकडे वळू. दुकानात आलेला ग्राहक चप्पल हातात घेतो, वाकवून पाहतो, पायात घालून चार पावले चालतो. संकेतस्थळावर यांतले काहीच शक्य नाही. तेव्हा हाताने व पायाने जे कळावयाचे, ते शब्दांनी व चित्रांनी कळविले पाहिजे. आमच्या मते लहान व्यवसायाच्या संकेतस्थळाचे सारे यश येथे आहे. रंगीबेरंगी सजावटीत नाही. जुन्या पानावर चपलेच्या मापाचा केवळ एक आकडा होता, आणि विकलेल्या मालापैकी बराच माप जुळत नाही म्हणून परत येत असे. परत येणाऱ्या प्रत्येक जोडामागे टपालाचा खर्च दोनदा सोसावा लागतो. एका जोडावरचा नफा तेवढ्यात संपतो.

मापाचा हा आकडा स्वतःच फसवा आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत एका आकड्याचे अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. युरोपीय पद्धतीत ते पावणेसात मिलिमीटरांहून किंचित कमी आहे. शिवाय कोल्हापुरीस बुटाप्रमाणे चोहोंकडून आवरण नसते; अंगठा आणि पट्टा यांवरच ती पायात टिकते. त्यामुळे लांबी जुळूनही रुंद पायास पट्टा काचतो. यावर मित्राच्या वडिलांनीच उपाय सांगितला. संध्याकाळी, पाय दिवसभराच्या वावराने किंचित फुगलेले असताना, कागदावर उभे राहावे. पेन्सिल उभी धरून दोन्ही पायांची आकृती काढावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी मोजून कळवावी. ही कृती आम्ही चार चित्रांसह मराठी, कन्नड व इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहिली. एवढे एक पान लिहिण्यास आम्हांस तीन दिवस लागले, आणि इतर सर्व पानांस मिळून दोन!

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, साध्या कापडावर घेतली. तळाचे व शिवणीचे चित्रही त्यांत घातले. मोबाइलवरील मूळ चित्रे वजनाने फार जड असतात. ती लहान करून घातली नाहीत तर पान उघडेपर्यंत ग्राहक निघून जातो. हाताने कमावलेल्या चामड्याचा रंग जोडाजोडास थोडा वेगळा उतरतो, हेही स्पष्ट लिहिले.

शासनाने २०२० मध्ये ई-वाणिज्यासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम केले. त्यांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचे नाव पानावर द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात करावे लागते. हे नियम कोणास जाचक वाटतील. परंतु ज्याचे दुकान ग्राहकाने कधी पाहिले नाही, त्यास आगाऊ पैसे पाठविताना तो दुसरे काय पाहणार?

एक पान कारागिरीस दिले आहे. चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कसे कमावतात, वेणी कोण घालते, तळ कोण शिवते, हे त्यात आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या संस्थेच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख नसल्याने मोठी टीका झाली. नंतर त्या संस्थेने हे ऋण मान्य केले. त्या वार्ता वाचूनच हे पान लिहिण्याची कल्पना आम्हांस सुचली. मानांकनाचे चिन्ह मात्र आम्ही घातलेले नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते, आणि ती व्हावयाची आहे.

मागण्या पुन्हा येऊ लागल्या आहेत. फार नाहीत, पण परत येणारे जोड कमी झाले आहेत. पाण्याने हे चामडे बिघडते, म्हणून पावसाळ्यात ‘ओल्या रस्त्यावर वापरू नये’ ही सूचना पहिल्याच पानावर लागते. ती मृगापूर्वी लावणे आणि दसऱ्यास उतरविणे, हे काम आमच्या मित्राकडे सोपविले आहे.