चार पवित्र महिने आणि ‘पुढे ढकलणं’



बोईसरला बैठक असली की एक प्रश्न हमखास येतो. रमजान हा चार पवित्र महिन्यांपैकी एक आहे का? नाही. रमजानचं श्रेष्ठत्व वेगळं, तो रोजांचा आणि कुरआन अवतरणाचा महिना. कुरआनच्या सूरह तौबामध्ये, ३६ व्या आयतीत, वर्षाचे महिने बारा आणि त्यांतले चार पवित्र असं म्हटलं आहे, पण नावं नाहीत. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हिजरी सन १० मध्ये, म्हणजे इ.स. ६३२ ला, आपल्या अखेरच्या हजच्या प्रसंगी सांगितली. जिल्काद, जिल्हज, मोहरम हे लागोपाठ तीन आणि रजब एकटा. (ही नावं मराठीला परकी नाहीत. पेशवाईतली पत्रं पाहा, ‘छ’ लिहून पुढे याच महिन्यांची तारीख घालत.)

अशी रचना का? हज जिल्हजमध्ये. एक महिना जायला, एक परतायला. रजब मधोमध, उमऱ्यासाठी. टोळ्या एकमेकींवर धाडी घालून जगायच्या, त्या काळात रस्ता सुरक्षित ठेवायचा हा उपाय होता. जिल्कादमध्ये उकाजचा बाजार भरायचा तोही याच भरवशावर.

आपल्याला हे समजायला अरबस्तानात जायला नको, सातपाटीचं बंदर पुरे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. बंदी सगळ्यांना एकदम असते, म्हणून मासळीला वाढायला वेळ मिळतो. आता एखादा नाखवा म्हणाला, “यंदा माझ्यावर कर्ज आहे, जून-जुलै मी जाळं टाकतो, बदल्यात थंडीत दोन महिने बोट बांधून ठेवतो.” दिवस भरले हो, पण बंदी कुठे राहिली?

अरबांनी नेमकं हेच केलं. सलग तीन महिने धाड नाही म्हणजे उपासमार, म्हणून जाहीर करायचे की यंदा मोहरम साधा, त्याऐवजी सफर पवित्र. आकडा चारच! याला ‘नसी’ म्हणतात, आणि ३७ व्या आयतीत त्याचा कडक निषेध आहे. काही विद्वानांच्या मते नसी म्हणजे आपल्या अधिक मासासारखा जादा महिना. तो बंद झाला, म्हणून हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान आहे आणि मोहरम कधी पावसात, कधी थंडीत येतो.

लढाईचा नियम आजही तसाच लागू आहे का, यावर मतभेद आहेत. स्वतःच्या बचावाला मात्र तेव्हाही मुभा होती.

एकदा तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून आलेल्या एका भावाने विचारलं, “आमच्याकडे तलवार कुठे आहे? मग आम्ही काय थांबवायचं?”

प्रश्न रास्त आहे. ३६ वी आयत लढाईच्या आधी दुसरंच बोलते : या महिन्यांत स्वतःवर जुलूम करू नका. दुसऱ्याचा हक्क मारणं हाही स्वतःवरचाच जुलूम. आमच्या मते पालघर जिल्ह्यात आज सगळ्यात जवळचं उदाहरण जमिनीचं आहे. बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि घराघरांत बहिणींपुढे हक्कसोडपत्राचे कागद ठेवले गेले. सूरह निसाच्या ११ व्या आयतीत मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, असा स्पष्ट ठरवून दिला आहे. तो नाकारत कोणीच नाही. “देऊ ना, घर बांधून होऊ दे.” “पोराचं लग्न उरकू दे.” ही नसीच झाली. हक्क मान्य, फक्त महिना आपल्या सोयीचा.

त्या भावाने मग हळूच विचारलं, “पैसे खर्च झाले असतील तर?”

तर ते बहिणीचं कर्ज आहे. रक्कम कागदावर लिहा, दोन साक्षीदार घ्या आणि पहिला हप्ता याच महिन्यात तिच्या हातात द्या. ती मागेल याची वाट बघू नका. माहेर तुटेल या भीतीने बहुतेक जणी मागतच नाहीत.