एका वाघामागे पाचशे जनावरं

कवठे महांकाळहून चांदोलीला गेलेल्या माणसाला हमखास प्रश्न पडतो: एवढी गच्च झाडी, मग वाघ इतके कमी का? झाडी दाट तिथे वाघ भरपूर, हा समज सगळीकडेच आहे. वाघांची संख्या खरं तर भक्ष्यघनतेवर (ठरावीक क्षेत्रात शिकारीजोगे प्राणी किती, यावर) ठरते.

एक वाघ साधारण आठवड्याला एक मोठा प्राणी मारतो, म्हणजे वर्षाला पन्नासेक. सांबर पाडलं की झुडपात ओढून नेतो, मागच्या बाजूने खायला लागतो आणि ते संपेपर्यंत तीन-चार दिवस आसपासच मुक्काम ठोकतो. शेळ्या पाळणारा वर्षाची वाढ तेवढी विकतो, मूळ कळपाला हात लावत नाही. जंगलाचा हिशेबही तोच. दरवर्षी पन्नास जायचे, तर मागे सुमारे पाचशे हवेत.

चांदोली ज्यात येते तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये झाला. तिथे गवे, सांबर, भेकरं, रानडुकरं आहेत. चितळ मात्र सागरेश्वरहून आणून सोडावे लागले. राधानगरीत 2022 मध्ये कॅमेऱ्यात आलेला नर वाघ 2023 च्या डिसेंबरात चांदोलीत दिसला. ओळख पटली ती पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात.

आपल्या कोरड्या तालुक्यात मोठा ठसा दिसला, तर आधी नखं बघावीत. ती उमटली असतील तर बहुधा तरस किंवा कुत्रा. वाघ-बिबटे चालताना नखं आत ओढून घेतात.